गृहनूतनीकरण, महाराष्ट्रातील

राहत्या घराची मूळ वास्तू शक्यतो कायम ठेवून तिच्या रचनेत, साहित्यात व सोयींत केलेले बदल म्हणजे गृहनूतनीकरण होय. मोडलेला भाग पूर्ववत करणे ही डागडुजी आणि जुने पाडून नवे उभारणे ही पुनर्बांधणी. नूतनीकरण या दोहोंच्या मधले असून त्यात घराच्या वापराची रीतच पालटते. दिवाणखाना, ओसरी किंवा झोपण्याची खोली यांतील बदल बहुधा ऐपत व अभिरुची यांवर अवलंबून असतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचकूप यांचे तसे नाही. पाणी, जळण आणि मैला यांची ने-आण हा त्यांचा आधार असतो व ती घराबाहेरच्या व्यवस्थेशी जोडलेली असते. महाराष्ट्रातील घरांचा गेल्या सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहता, नळ, गटार व इंधन दारापर्यंत आल्यावाचून घराचे हे तीन भाग फारसे बदलले नाहीत आणि ते आल्यावर थोड्याच काळात घराची मांडणी उलटीपालटी झाली, असे दिसते. पाणी कोणी आणावे, धूर कोणी सोसावा आणि मैला कोणी वाहून न्यावा, या प्रश्नांची उत्तरेही त्याबरोबर बदलत गेली. प्रस्तुत नोंदीत या बदलांचा मागोवा घेतला आहे.

पारंपरिक घर : अठराव्या शतकातील पुण्याच्या व इतर गावांच्या वाड्यांत चौकाभोवती ओटी, पडवी, माजघर, देवघर, कोठीघर व स्वयंपाकघर अशी मांडणी असे. दरवाज्यापासून आत जावे तसतसे घर अधिकाधिक खाजगी व अधिकाधिक सोवळे होत जाई. स्वयंपाकघर बहुधा शेवटच्या चौकालगत किंवा परसाच्या बाजूस असे. त्यात मातीची चूल व तिच्या अंगास वैल, भिंतीत कोनाडे व फडताळ, आढ्याला शिंकाळे, एका बाजूस पाण्याची घडवंची आणि जमिनीवर पाटा-वरवंटा असे साहित्य असे. स्वयंपाक, वाढणे व जेवणे ही सर्व कामे जमिनीच्या पातळीवर होत. धूर कौलांच्या फटींतून किंवा वरच्या झरोक्यातून बाहेर पडे. त्याने छपराची लाकडे काळी होऊन किडीपासून काहीशी सुरक्षित राहत, पण चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना तो जाचक होई.

न्हाणीघर परसात, विहिरीच्या किंवा आडाच्या जवळ असे. तेथे दगडी फरसबंदी, तांब्याचा बंब किंवा चुलाण्यावर ठेवलेला हंडा, घंगाळ आणि धुण्याचा दगड असे. सांडपाणी अळू, केळी, हळद यांच्या वाफ्यांकडे सोडले जाई. शौचकूप त्याहूनही दूर, परसाच्या कडेला असे. खेड्यांत बहुतेक घरांना तो नसेच. गोव्यातील काही गावांत घरामागील शौचकूप डुकरांच्या गोठ्याला जोडलेले असत; ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडत गेली.

या घरांची निगा हा वर्षचक्राचा भाग होता. पावसाळ्यापूर्वी कोकणात गवताच्या छपरांची शाकारणी होई व कौलारू घरांची कौले चाळली जात. मराठवाड्यात व देशावर धाब्यांवर पांढऱ्या मातीचा नवा थर देण्यात येई. सणावारी भिंतींना चुना व जमिनीला शेणाचे सारवण होई. चूलही घरातील स्त्रिया वेळोवेळी नवी घालीत. अशा प्रकारे घराचे पृष्ठभाग सतत नवे होत, पण त्याची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या तीच राही.

पाण्याचे आगमन : पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, सु. १७५० मध्ये, कात्रज येथे तलाव बांधून तेथून भुयारी नळाने शहरात पाणी आणण्यात आले. ते शनिवारवाड्यात व ठिकठिकाणच्या हौदांत खेळविण्यात आले. बहुसंख्य घरांपुरते पाणी हौदापर्यंत येऊन थांबे. तेथून ते डोक्यावरून किंवा काखेतून घरी आणावे लागे. हौदावर कोणी पाणी भरावयाचे हे जात ठरवी. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाण्याची सोय घरात असणे व नसणे यांतील अंतर किती मोठे सामाजिक अंतर होते, हे या घटनेवरून कळून येते.

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मिळू लागले. पुढे तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) या जलाशयांची भर पडली. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. नळाचे पाणी प्रथम रस्त्याच्या कोपऱ्यावर, मग वाड्याच्या चौकात व अखेरीस स्वयंपाकघराच्या मोरीत आले. घराच्या दृष्टीने यांतील शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा ठरला. पाणी आत येताच भांडी घासण्याची जागा परसातून आत आली, न्हाणीघर मुख्य घराला येऊन भिडले व विहिरीचा रहाट थांबला. मात्र, आत आलेले पाणी बाहेरही जावे लागते. सांडपाण्याच्या बंदिस्त नळांची योजना पाणीपुरवठ्याच्या मागे पडल्याने अनेक शहरांत नळ आधी आला आणि गटार बऱ्याच काळाने आले. मधल्या काळात जोत्याची ओल, साचलेली डबकी व डासांचा उपद्रव हे जुन्या घरांच्या वाट्यास आले.

शौचकूप व सफाईचा प्रश्न : शहरांतील जुन्या घरांत टोपलीचे संडास असत. उंचावरील बैठकीखाली टोपली किंवा डबा ठेवलेला असे आणि तो काढून नेण्यासाठी घरामागे अरुंद बोळ राखलेली असे. घरातील माणसे पुढच्या दाराने ये-जा करीत. मैला उचलणारा कामगार मागच्या बोळातून येई व त्याचा पाय घराला लागू नये अशी व्यवस्था वास्तुरचनेतच केलेली असे. या कामाचे ओझे परंपरेने ठरावीक जातींवर लादलेले होते. घराची स्वच्छता व त्या माणसाची अप्रतिष्ठा अशा रीतीने एकाच आराखड्यात बांधलेल्या होत्या.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली व लवकरच ती पुण्यास पोहोचली. साथ रोखण्यासाठी सरकारने घरांची झडती घेणे, भिंतींना चुना देणे, जंतुनाशक द्रावण शिंपडणे, उजेड-वारा येण्यासाठी छपरे उघडणे असे उपाय योजले. पुण्यात १८९७ मध्ये हे काम गोऱ्या शिपायांकडून करविण्यात आले. त्यांचा वावर देवघर व स्वयंपाकघर यांपर्यंत झाल्याने तीव्र असंतोष पसरला. प्लेग अधिकारी वॉल्टर रँड याच्यावरील हल्ल्यामागे (२२ जून १८९७) तो असंतोष होता. घराच्या आतील भागात सरकारी आरोग्ययंत्रणेने इतक्या प्रमाणावर हात घालण्याचा हा पहिला मोठा प्रसंग होय. लोकांच्या संमतीवाचून केलेली सुधारणा हेतू आरोग्याचा असूनही जुलूम कशी ठरते, याचेही ते उदाहरण आहे.

या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत नगरसुधारणा विश्वस्त मंडळ (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. त्याच्या दादर-माटुंगा भागातील योजनांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्यमवर्गीयांसाठी स्वतंत्र ‘ब्लॉक’ असलेल्या इमारती उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप एकाच दाराआड असणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. शौचकूप घरात घेण्यास सोवळेओवळे पाळणाऱ्या कुटुंबांचा आरंभी विरोध असे; म्हणून तो घराच्या मागील टोकास ठेवीत. मुंबईतील त्या काळच्या अनेक इमारतींच्या मागील अंगास लोखंडी गोल जिने दिसतात. सफाई कामगारांनी घरातून न जाता वर यावे, यासाठी ते होते. पाण्याने मैला वाहून जाऊ लागला तरी जुन्या बोळाची कल्पना जिन्याच्या रूपाने काही काळ टिकून राहिली.

मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या राहणीची व कामाच्या स्थितीची चौकशी केली. तत्पूर्वीच कोकणात अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी हा प्रश्न हाती घेतला होता. रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणास करू द्यावे म्हणून १९३२ मध्ये त्यांनी उपोषण केले व त्यांना पाठिंबा म्हणून महात्मा गांधींनीही अन्नत्याग केला. पुढे कणकवली येथील गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाच्या, मैल्याचे खत करणाऱ्या शौचकूपांचे प्रयोग केले. देहू येथे डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी १९६० च्या सुमारास वैद्यकीय सेवेस प्रारंभ करून घरोघरी शौचालये बांधण्यास लोकांना प्रवृत्त केले व शौचालयास जोडलेल्या जैववायू संयंत्राचा प्रसार केला. मरणोत्तर पद्मश्रीने २०१७ मध्ये त्यांचा गौरव झाला. कोरडे संडास बांधण्यास व माणसाकरवी मैला उचलण्यास बंदी करणारा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला व त्याहून व्यापक असा दुसरा कायदा २०१३ मध्ये करण्यात आला. महाराष्ट्रात २००० मध्ये सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान व २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान यांमुळे ग्रामीण घरांतही शौचालय हा घराचा अपेक्षित भाग बनला. तथापि पाण्याची सोय नसेल, तेथे बांधलेले शौचालय सरपण किंवा अडगळ ठेवण्यासाठी वापरले जाते, असा अनुभव अनेक ठिकाणी आला आहे. मोठ्या शहरांबाहेर मलकुंडे उपसण्याचे काम करताना होणारे कामगारांचे मृत्यूही पूर्णपणे थांबलेले नाहीत.

चाळीतील खोली : औद्योगिक मुंबईतील बहुसंख्य मराठी कुटुंबांचे घर म्हणजे चाळीतील एक किंवा दोन खोल्या. मुंबई सरकारच्या विकास खात्याने (स्थापना १९२०) वरळी, नायगाव, डिलाइल रोड (सांप्रतचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे उभारलेल्या चाळी ‘बी. डी. डी. चाळी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांतील खोली सु. १६० चौ. फुटांची असून शौचालये मजल्यावर सामाईक होती. अशा खोलीत स्वयंपाक, स्नान, अभ्यास, झोप, बाळंतपण व आजारपण हे सारे पार पडे. कोपऱ्यातील कठडा घातलेली मोरी हीच भांडी घासण्याची, कपडे धुण्याची व पडदा ओढून स्नान करण्याची जागा होती.

चाळीतील नूतनीकरण जागेच्या टंचाईतून जन्मले. पोटमाळा घालणे, गॅलरी बंद करून तेथे स्वयंपाकाची सोय करणे, मोरीचा कठडा उंच करून तिला दार लावणे, भिंतीत फडताळांऐवजी पत्र्याच्या मांडण्या ठोकणे आणि पाण्याच्या वेळेपुरत्या येणाऱ्या नळासाठी पिंप बसविणे, हे त्याचे ठरलेले प्रकार होत. मोरीला दार लागणे ही वरवर किरकोळ वाटणारी सुधारणा घरातील स्त्रियांच्या दृष्टीने मोठी होती. त्यापूर्वी पुरुष बाहेर जाईपर्यंत किंवा पहाटे कोणी उठण्याआधी त्यांना स्नान उरकावे लागे.

या घरांच्या डागडुजीवर कायद्याचा खोल परिणाम झाला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने भाडी गोठविली. त्यामुळे भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च भागेनासा झाल्याने घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. आतल्या खोलीत भाडेकरू स्वतःच्या खर्चाने नवी फरशी घाली, पण तिला पेलणारी तुळई कुजत राही. इमारती कोसळून जीवितहानी होऊ लागल्यावर १९६९ च्या अधिनियमान्वये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची तरतूद झाली व जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीची कामे हाती घेण्यात आली. हे मंडळ पुढे १९७७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात (म्हाडा) समाविष्ट झाले. १९४७ च्या अधिनियमाची जागा २००० मध्ये अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने (१९९९) घेतली. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासातील वरळी येथील पहिल्या ५५६ सदनिका ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना देण्यात आल्या. त्या प्रत्येकी ५०० चौ. फुटांच्या असून त्यांत स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय आहे.

चूल ते गॅस : स्वयंपाकघराच्या रूपांतराचे मुख्य कारण इंधन होय. लाकूडफाटा महाग झाल्यावर शहरांत कोळशाची शेगडी व भुशाची शेगडी आली. स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघालेला दाबावर चालणारा प्रायमस स्टोव्ह व त्यानंतरचे वातीचे स्टोव्ह यांनी चूल हलती केली. स्टोव्ह कोठेही ठेवता येई. म्हणून चाळीतील एका खोलीत स्वयंपाक शक्य झाला. मात्र, रॉकेलच्या स्टोव्हबरोबर भडक्याचा धोकाही घरात आला. ‘स्टोव्हच्या भडक्याने मृत्यू’ अशी नोंद झालेल्या अनेक नवविवाहितांच्या मृत्यूंमागे हुंड्यासाठी केलेला छळ होता, हे स्त्रीसंघटनांनी १९८० च्या सुमारास समाजापुढे मांडले. भारतीय दंडसंहितेत १९८३ व १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांना या चळवळीची पार्श्वभूमी होती.

ग्रामीण भागासाठी धूर बाहेर नेणाऱ्या चुलीचे प्रयोग झाले. वर्धा येथील मगनवाडीत तयार झालेली धुराडे असलेली ‘मगन चूल’ त्यांपैकी एक होय. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही राबविला. शेणापासून गॅस मिळविण्याच्या संयंत्रांचा प्रसार खादी व ग्रामोद्योग आयोगाने केला. मैल्यापासून मिळणाऱ्या वायूचा उपयोग मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ मध्येच करण्यात आला होता. सुधारित चुली अनेक घरांत फार काळ टिकल्या नाहीत. धुराडे साफ न होणे, भाकरीच्या तव्याला किंवा मोठ्या भांड्याला तोंड न जुळणे, अशी कारणे त्यामागे असत. चूल वापरणारीला विचारल्यावाचून आखलेली चूल टिकत नाही, हा त्यातील धडा होय.

द्रवरूप पेट्रोलियम गॅस टाक्यांत भरून विकण्यास मुंबईत १९५५ मध्ये प्रारंभ झाला. अनेक वर्षे जोडणीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. नळाने नैसर्गिक वायू पुरविणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली. ग्रामीण व गरीब कुटुंबांसाठी २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली; तथापि टाकी पुन्हा भरून घेण्याचा खर्च व घरपोच पुरवठ्याची अडचण यांमुळे अनेक घरांत गॅसशेजारी चूलही पेटत राहिली.

गॅसची शेगडी टाकीपेक्षा उंचावर ठेवावी लागते. यातून उभ्याने काम करण्याचा ओटा रूढ झाला. जमिनीवरची चूल जाऊन सु. ८० ते ८५ सेंमी. उंचीचा ओटा येणे हा मराठी घराच्या आतील सर्वांत मोठा बदल म्हणता येईल. ओट्यावर प्रथम कडप्प्याची फरशी, पुढे ग्रॅनाइट बसविण्यात आले. त्याला लागून भांडी घासण्याचे कुंड (सिंक) व नळ, खाली टाकीची व भांड्यांची जागा, वर डब्यांच्या फळ्या अशी रचना झाली. बसून करावयाची कामे उभ्याने होऊ लागताच पाटा-वरवंट्याची जागा विजेच्या मिक्सरने, पाटाची जागा खुर्चीने व पंक्तीची जागा जेवणाच्या टेबलाने घेतली. सोवळ्याच्या कल्पना सैलावल्या; स्वयंपाकघराचे दार बैठकीच्या खोलीकडे उघडू लागले आणि पुढे कित्येक घरांत मधली भिंतच गेली. स्त्रीचे वाकणे व धूर सोसणे कमी झाले, हा या बदलाचा निर्विवाद लाभ होय. मात्र, ओटा बहुधा एकाच व्यक्तीला उभे राहता येईल इतका असल्याने जुन्या घरात अनेक जणींत वाटले जाणारे काम एकटीवर येऊन पडले. नव्या स्वयंपाकघराने कष्टाचा प्रकार बदलला. कष्टाची वाटणी आपोआप बदलली नाही.

साहित्य : जुन्या घरांत माती, चुना, लाकूड, काळा दगड, कोकणात व गोव्यात चिरा हे साहित्य होते. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यामुळे मंगळुरी कौले प्रसिद्धीस आली व त्यांनी नळीची कौले आणि गवत यांना मागे सारले. शेणाच्या जमिनीच्या जागी शहाबादी फरशी, मग सिमेंटच्या रंगीत व मोझॅक लाद्या आणि अलीकडे चिनी मातीच्या चकचकीत लाद्या आल्या. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या भिंतींना पांढऱ्या लाद्या लावणे हे दीर्घकाळ संपन्नतेचे लक्षण मानले जाई. सिमेंटवर नियंत्रण होते तोवर (१९८२ मध्ये ते अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः उठले) साध्या डागडुजीसही परवान्यासाठी खेटे घालावे लागत. त्यानंतरच्या काळात खाजगी नूतनीकरणास वेग आला. चुना व माती यांत बांधलेल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केल्यास भिंतीतील ओल बाहेर पडत नाही व गिलावा फुगून सुटतो. ही गोष्ट लक्षात न घेतल्याने अनेक वाड्यांचे सुधारणेच्या नावाखाली नुकसान झाले.

आपत्ती व घरे : १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून व त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरण भेदले जाऊन पुण्यातील मुठाकाठच्या पेठांत पूर आला. मातीत बांधलेले शेकडो वाडे पडले वा खचले. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला वसाहती उभारण्यात आल्या. वाड्यातून सदनिकेकडे होणारे पुण्याचे स्थित्यंतर आधीच सुरू झाले होते. पुराने ते जलद केले. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा अधिनियम व १९७० चा सदनिका मालकी अधिनियम यांनी या नव्या घरांना कायद्याची चौकट दिली.

३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद (सांप्रत धाराशिव) जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे मृत्यू पावली. जाड दगडी भिंती व त्यांवरील धाब्याच्या मातीचे जड थर कोसळणे, हे जीवितहानीचे प्रमुख कारण होते. वर्षानुवर्षे गळती थांबविण्यासाठी दिलेल्या मातीच्या थरांनी छप्पर जड झाले होते. निगेची जुनी रीतच संकटात घातक ठरली. त्यानंतर पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली व इतरत्र उभ्या राहिलेल्या घरांचे बळकटीकरण करण्यात आले. धाब्यावरील मातीचा थर कमी करणे, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड बसविणे, कोपरे बांधणे व भिंतींवरून लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा पट्टा फिरविणे, हे त्यातील मुख्य उपाय होते. भूकंपप्रवण प्रदेशात अशा कामास इतर सर्व नूतनीकरणाहून अग्रक्रम असतो.

सदनिकेतील नूतनीकरण : बहुमजली इमारतीत एकाचे न्हाणीघर हे दुसऱ्याचे छत असते. म्हणून येथील काम केवळ घरमालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. न्हाणीघर व शौचालय यांखालील छावणी (स्लॅब) सामान्यतः ३० ते ४५ सेंमी. खोल ठेवून तीत नळ्या बसवितात व त्यांवर विटांचे तुकडे सिमेंटात बसवून कोबा करतात. लाद्या बसविण्यापूर्वी काही दिवस पाणी भरून ठेवून खालच्या मजल्यावर पाझर येतो का, हे पाहणे आवश्यक असते. जमिनीतील निचऱ्याच्या तोंडाशी बसविण्यात येणाऱ्या वळणदार सापळ्यास भारतभरातील नळकारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्या नावात जुन्या न्हाणीची खूण राहिली आहे. सापळ्यात सु. ५ सेंमी. पाणी साचून राहते व ते गटारातील दुर्गंधी घरात येऊ देत नाही. नूतनीकरणात सर्वाधिक हेळसांड या न दिसणाऱ्या भागांची होते. लाद्या व नळ निवडण्यात वेळ जातो. उतार, सापळा व कोबा मात्र कारागिरावर सोपविले जातात. शेजाऱ्यांतील गळतीचे तंटे बहुधा येथून उद्‌भवतात.

याहून गंभीर प्रश्न इमारतीच्या सांगाड्याचा असतो. भिंत काढताना ती भार वाहणारी आहे की केवळ आडोसा आहे, हे जाणकार अभियंत्याकडून ठरवून घ्यावे लागते. घाटकोपर (मुंबई) येथे २५ जुलै २०१७ रोजी निवासी इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावला गेल्याचा आरोप रहिवाशांनी केला होता. एका मजल्यावरील सोय वरच्या सर्व मजल्यांवरील जीवांशी कशी बांधलेली असते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे.

लोकांचे आयुर्मान वाढल्याने अलीकडच्या काळात न्हाणीघरातील बदलांना वेगळे कारण मिळाले आहे. बसण्याच्या भारतीय पद्धतीच्या भांड्याऐवजी खुर्चीसारखे भांडे, आधारासाठी दांडे, न घसरणारी फरशी, उंबरठ्याची उंची कमी करणे व दार बाहेर उघडणे, या गोष्टी वृद्धांच्या दृष्टीने चैनीच्या नसून आवश्यक ठरतात. पाण्याची टंचाई असलेल्या गावांत कमी पाण्याची फ्लशटाकी व स्नानाचे पाणी पुन्हा वापरण्याची सोय यांनाही महत्त्व आले आहे. पूर्वी अळवाकडे जाणारे न्हाणीचे पाणी पुन्हा बागेकडे वळविणे, हा त्याचाच एक प्रकार होय.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील घर दोनशे वर्षांत परसाकडून आत सरकले. विहीर, न्हाणी, शौचकूप व चूल, जी एके काळी घराच्या कडेला वा बाहेर होती, ती आता काही पावलांच्या अंतरात आली आहेत. या प्रवासात पाणी वाहणारीची, धूर सोसणारीची व मैला उचलणाऱ्याची कष्टप्रद कामे पुष्कळ अंशी नळ, गॅस व गटार यांनी घेतली. जेथे ही बाहेरची व्यवस्था पोहोचली नाही, तेथे आतील सुधारणा अर्धवट राहिली किंवा तिचा भार जुन्याच खांद्यांवर पडत राहिला. नवी फरशी व नवा ओटा यांनी घर सुंदर दिसते. घर खरोखर नवे झाले की नाही, हे मात्र त्यातील सर्वांत कष्टाचे काम कोणाच्या वाट्याला उरले यावरून ठरवावे लागते.